टायरीला चाललीयस तर हे वाच

मने,

परवा फोनवर तू विचारलंस की ऑक्टोबरात मैत्रीण आणि मी स्कॉटलंडच्या टायरी बेटावर चाललोय, सगळ्यात भारी बीच कुठला, आणि मी तोंड उघडायच्या आत बाबानं मागून ओरडून सांगितलं, बॅलेव्हुलिन! ते त्याचं उत्तर, माझं नाही. खरं म्हणजे तिथं हा प्रश्न कुणी असा विचारतच नाही. बीच कुठला म्हटलं की समोरचा आधी आभाळाकडे बघतो आणि उलट विचारतो, आज वारा कुठून आहे? ते एकदा कळलं की बीच आपोआप कळतो. फोनवर हे सगळं सांगायला घेतलं असतं तर तू ‘हो गं आई, बरं आई’ करून ठेवून दिला असतास, म्हणून लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

बाबा सर्फिंगवाला, नुसत्या फळीवर उभं राहून लाटेवरून धावणारा, आणि मी विंडसर्फिंगवाली, फळीवर शीड लावून वाऱ्यावर जाणारी, हे तुला माहितीय, पण त्यात आमचं भांडण नेमकं कशावरून व्हायचं ते तुला कधी बघायला मिळालं नाही, कारण तू कळती होईपर्यंत बाबाच्या गुडघ्यानं राजीनामा दिला होता. भांडण असं की त्याला वारा नको असायचा आणि माझं वाऱ्याशिवाय पानही हलायचं नाही. सर्फिंगला लांबून आलेली साफ लाट लागते, वारा नसलेला बरा, आणि असलाच तर जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, ऑफशोअर, कारण तो लाटेच्या तोंडावर येतो, तिला जरा वेळ उभी धरतो, मग ती उशिरा फुटते आणि बाबाला तिच्यावरून तिरकं धावायला जागा मिळते. तोच वारा समुद्राकडून यायला लागला की लाटा मध्येच ढासळतात, नुसता फेस आणि खडबडाट, मग बाबाचं तोंड वाकडं. आणि मला? मला पंधरा नॉट तरी पाहिजेत (एक नॉट म्हणजे ताशी जवळजवळ दोन किलोमीटर), वीस असले तर आणखी छान, आणि तेही किनाऱ्याला आडवे, म्हणजे त्याच वाऱ्यावर बाहेर जाता येतं आणि त्याच वाऱ्यावर परत येता येतं. आता हे दोन प्राणी एका गाडीत, एका सुट्टीत, एका लांबलचक सरळ किनाऱ्यावर नेऊन सोडले तर काय होणार? एक पाण्यात, दुसरा जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून वाळूवर. दर वेळेला हेच.

टायरीला गेलो आणि भांडायला कारणच उरलं नाही.

नकाशा काढून बघ एकदा. स्कॉटलंडच्या पश्चिमेला जी छोटी छोटी बेटं सांडल्यासारखी दिसतात, त्यातल्या इनर हेब्रिडीजमधलं हे अगदी पश्चिमेकडचं. टोकापासून टोकापर्यंत वीसेक किलोमीटर, रुंदीला काही ठिकाणी इतकं कमी की एका किनाऱ्यावर कपडे बदलायचे आणि दुसऱ्या किनाऱ्यावर पाण्यात उतरायचं. सगळं मिळून साधारण ७८ चौरस किलोमीटर, वस्ती साडेसहाशेच्या आसपास. आणि ताटासारखं सपाट, सगळ्यात उंच जागा म्हणजे दक्षिणेकडचं बेन हायनिश, ते १४१ मीटर, डोंगर म्हणायचीसुद्धा लाज वाटावी इतकं. झाडं जवळजवळ नाहीतच. तुला वाटेल त्यात काय एवढं, पण विंडसर्फिंग करणाऱ्याला विचार. डोंगराच्या आडून येणारा वारा धक्के देत येतो, आत्ता आहे, आत्ता गायब, मग एकदम कानाखाली. टायरीला त्याला अडवायला काही नाही, तो अटलांटिकवरून जसा निघाला तसाच अखंड येतो, एकदा सेल, म्हणजे शीड, भरली की भरलेली राहते. असा सलग वारा मला पुन्हा कुठे मिळाला नाही, आणि मी बऱ्याच ठिकाणी भिजलेली बाई आहे.

आणि बेट असल्यामुळे त्याला सगळ्या दिशांना तोंड आहे. बॅलेव्हुलिनचं तोंड वायव्येला. मेझ म्हणतात तो बीच पश्चिमेला. बॅलेफुइल नैर्ऋत्येकडे, क्रॉसापोल दक्षिणेला, गॉट बे आग्नेयेला, बॅलेफेट्रिश आणि व्हॉल उत्तरेला. म्हणजे वारा कुठूनही येऊ दे, कुठला तरी एक किनारा त्याच्याकडे पाठ करून बसलेला असतो आणि कुठला तरी एक आडवा. दक्षिणेचा वारा असला की बाबाला बॅलेव्हुलिनला सोडायचं, तिथं तो जमिनीवरून येतो, लाटा साफ, आणि मी गाडी घेऊन जरा खाली मेझला, तिथं तोच वारा किनाऱ्याला समांतर, उड्याच उड्या. एकच वारा, तोच दिवस, मध्ये गाडीनं जेमतेम काही मिनिटं. संध्याकाळी दोघंही चेहरे लाल करून परत. मला आठवतं, पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा बाबा बॉनेटवर नकाशा पसरून हसत सुटला होता, नकाशाचे कोपरे चारही बाजूंनी फडफडतायत आणि हा हाताच्या कोपरानं दाबून दाबून दाखवतोय की हे बघ, उद्या वारा फिरला तर तू इथं आणि मी इथं.

तेव्हा आम्ही ग्लासगोला होतो, तू व्हायची होतीस. मोबाईलवर वाऱ्याचे रंगीत नकाशे वगैरे काही नव्हतं. रेडिओवर बीबीसीचं शिपिंग फोरकास्ट, म्हणजे बोटींसाठीचा हवामानाचा अंदाज, लागायचं, अजूनही लागतं, मध्यरात्र उलटल्यावरच्या बातमीपत्रात किनाऱ्यावरच्या स्टेशनांचे आकडे वाचतात, आणि त्या यादीची सुरुवातच टायरी ऑटोमॅटिक, म्हणजे टायरीवरचं आपोआप चालणारं हवामान स्टेशन, अशी होते. वाऱ्याची दिशा, त्याच्या जोराचा ब्यूफोर्ट आकडा, दृश्यमानता, हवेचा दाब आणि तो चढतोय की उतरतोय. आम्ही किचनमध्ये दिवा न लावता त्याची वाट बघत बसायचो, वेडेच होतो. दाब भराभर उतरतोय म्हटलं की माझी तयारी सुरू आणि बाबाची कुरकुर सुरू. या बेटाचं आणि हवामानाचं नातं जुनं आहे बरं का, दुसऱ्या महायुद्धात १९४३ पासून तिथल्या धावपट्टीवरून हॅलिफॅक्स विमानं अटलांटिकवर लांब आत जायची, बॉम्ब टाकायला नाही, नुसती हवा मोजायला. आजचं छोटं विमानतळ त्याच धावपट्ट्यांवर आहे. ग्लासगोहून छोटं विमान येतं तिथं, पण त्यात तुझा मास्ट, शिडाचा खांब, मावणार नाही, तेव्हा तो विचार सोड.

फेरीनंच जा. ओबनहून निघते, साधारण चार तास, बहुतेक वेळा वाटेत कोल बेटावर थांबते. गाडीची जागा लवकर बुक कर, आणि ऑक्टोबर आहे, वादळ असलं तर फेरी रद्द होते, म्हणून जायच्या आणि यायच्या दोन्ही बाजूंना एक-एक दिवस मोकळा ठेव, सोमवारी सकाळी ऑफिसात मीटिंग आहे असलं काही ठेवू नकोस. टायरी दूर आहे म्हणूनच तशी राहिलीय. गाडीनं थेट पोचता आलं असतं तर त्या बॅलेव्हुलिनच्या मागं कधीच चार मजली काहीतरी उभं राहिलं असतं. मला ते चार तासही आवडायचे, डेकवर उभं राहून पाण्याचा रंग बघायचा, पांढऱ्या फेसाचे तुरे दिसायला लागले की समजायचं ब्यूफोर्ट चार, म्हणजे अकरा ते सोळा नॉट, सगळीकडेच तुरे दिसले की पाच, आणि फेसाचे तुषार उडायला लागले की सहा, बाबा मग आत जाऊन झोपायचा.

आता लाटांचं. हे बाबानं लिहायला पाहिजे, पण तो लिहिणार नाही, त्यानं मला शिकवलं तेच सांगते. तिथं पश्चिमेला बघितलं की पुढं काही नाही, थेट कॅनडातलं लॅब्राडोर. मध्ये एवढं मोठं पाणी, त्यावर कुठंतरी वादळ घोंगावतं, वारा तासन्‌तास एकाच दिशेनं पाणी ढकलतो, आणि तिथून निघालेल्या लाटा इथं येतात तोपर्यंत ते वादळ इथं कुणाला दिसलेलंही नसतं. लाट बघताना नुसती उंची बघू नकोस, दोन लाटांच्या मधली सेकंदं मोज. सात-आठ सेकंदं आली तर ती जवळच्या वाऱ्याची, घाईतली, त्यात फार दम नसतो. बारा-चौदा आली की ती लांबून आलेली. बारा सेकंदांच्या लाटांचा जत्था खोल पाण्यात ताशी साधारण चौतीस किलोमीटरनं पुढं सरकतो, म्हणजे वादळ हजार किलोमीटरवर असेल तर लाटा यायला तीसेक तास लागतात. आणि जास्त सेकंदांच्या लाटा जास्त वेगानं येतात, त्यामुळे त्या आधी पोचतात. सकाळी समुद्र अगदी शांत आणि मध्येच दर पंधरा सेकंदांनी एक लांब पुसटशी घडी सरकत येतेय असं दिसलं तर बाबा नाश्ता अर्धा टाकून बोर्डाला वॅक्स घासायला लागायचा. मला तेव्हा ते जादूसारखं वाटायचं, दुपारपर्यंत खरंच समुद्र उठलेला असायचा.

एक मात्र आहे, लाट आपल्या उंचीपेक्षा थोड्याच जास्त खोलीच्या पाण्यात आली की फुटते, म्हणजे दीड मीटरची लाट साधारण दोन मीटर पाण्यात. त्यामुळे तोच बीच भरतीला एक आणि ओहोटीला भलताच. बॅलेव्हुलिनला खालची वाळू एकसारखी नाही, दर हिवाळ्यात वादळं ती इकडची तिकडं करतात. मागच्या वर्षीचं कुणी सांगितलं तर ऐकून घे, पण विश्वास स्वतःच्या डोळ्यांवर ठेव. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीचा फरक मोठा असतो, तेव्हा तर नक्की बघ. आणि बीचवर पोचल्या पोचल्या कपडे काढून आत धावायचं नाही. गाडीत बस, चहा घे, वीस मिनिटं नुसतं बघ. लाटांचे सेट, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या मोठ्या लाटांचे जत्थे, किती वेळानं येतात, कुठं फुटतात, आणि कुठं फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना फेस आणि मध्येच एक शांत गडद पट्टा दिसला ना, तो आत जायला सोपा रस्ता वाटतो, आणि बाबा तो रस्ता म्हणून वापरायचाही, पण तो रिप करंट असतो, किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत जातं. चुकून त्यात अडकलीस तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचं नाही, दमून जाशील, किनाऱ्याला समांतर जायचं, तो अरुंद असतो, संपतो.

माझ्याकडे येते आता. तू म्हणालीस विंडसर्फिंग म्हणजे जरा जुनाट, आता सगळे काईट, म्हणजे मोठा पतंग, नाहीतर विंग, म्हणजे हातात धरायचं शीड, घेऊन जातात. असू दे जुनाट. एका फळीवर मास्ट उभा केला आणि तो सगळ्या दिशांना वाकेल असा सांधा खाली लावला, एवढीच आयडिया आहे, सुकाणू नाही काही नाही, सेल पुढं झुकवली की बोर्ड वाऱ्यापासून दूर वळतो, मागं झुकवली की वाऱ्याकडे. कॅलिफोर्नियात १९६८ मध्ये जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर यांनी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, पण पुढं ब्रिटनमध्ये कोर्टात प्रकरण गेलं तेव्हा असं पुढं आलं की हेलिंग आयलंडवर पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या पोरानं १९५८ मध्येच तसलं काहीतरी घरी बनवून पाण्यात नेलं होतं, आणि तिथल्या कोर्टानं ते धरलं. मला ही गोष्ट फार आवडते. १९८४ ला लॉस एंजेलिसला विंडसर्फिंग ऑलिंपिकमध्ये आलं, सर्फिंग थेट टोकियोला, म्हणजे बाबाच्या आधी आम्ही. हे त्याला अधूनमधून ऐकवत जा. आणि पॅरिसच्या वेळी जे बोर्ड पाण्याच्या वर उडत होते, फॉइलवाले, खाली पाण्यात पंखासारखी पट्टी असते ते, तेही विंडसर्फिंगच बाई.

सेल कुठली न्यायची विचारत होतीस. एकच लक्षात ठेव, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. म्हणून पंधरा नॉटमध्ये जी सहा चौरस मीटरची सेल मजेत धरतेस तीच तीसमध्ये तुला बोर्डावरून उचलून फेकेल. टायरीला ऑक्टोबरात छोट्या सेल जास्त लागतात, साडेचार आणि त्याहून लहान एक ठेवच, मोठी नेलीस आणि गुंडाळूनच परत आणलीस तरी चालेल. एक जास्तीचा मास्ट-फूट (मास्टच्या खालचा तो सांधा), अपहॉलची दोरी (सेल पाण्यातून वर ओढायची), फिनचे, म्हणजे बोर्डाखालच्या पात्याचे, स्क्रू आणि स्क्रू ड्रायव्हर, हार्नेस लाइनची (कमरेचा पट्टा सेलला अडकवायच्या दोऱ्यांची) जादा जोडी. बेटावर हे काही मिळेल असं धरून जायचं नाही. वेटसूट पाच-चार मिलिमीटर जाडीचा, बूट, टोपी. पाणी तेव्हा बारा-तेरा डिग्री असतं, उन्हाळ्यात फार तर चौदा, म्हणजे ऑक्टोबर काही वाईट नाही, पाण्यापेक्षा बाहेर आल्यावरचा वारा जास्त मारतो. ओला वेटसूट काढताना, वारा मागून असला तर गाडीचं दार उघडू नकोस, दार बिजागरीतून जाईल, तिथं ही नेहमीची गोष्ट आहे. गाडी नाक वाऱ्याकडे करूनच लाव, शेपूट करून नको.

पहिल्या दिवशी तुझ्या मैत्रिणीला समुद्रावर नेऊच नकोस. लॉख बासापोल म्हणून आत एक तळं आहे, उथळ, लाट नाही, तिथं तिला बीच स्टार्ट, म्हणजे काठच्या उथळ पाण्यातून बोर्डावर चढून निघणं, आणि वळणं करू दे. मग गॉट बे. फेरी लागते तो धक्का त्याच खाडीत, आणि तो पांढऱ्या वाळूचा लांबच्या लांब वळसा, चालून जीव जातो. नैर्ऋत्येचा वारा असला की तिथं पाणी सपाट आणि वारा आडवा, मी तिथं जाइब शिकले, म्हणजे पूर्ण वेगात असताना वारा पाठीवर घेऊन वळायचं आणि सेल दुसऱ्या बाजूला फेकायची. किती वेळा पडले ते विचारू नकोस. पण वायव्येचा वारा असला तर गॉट बेला जायचं नाही, कितीही निवांत दिसू दे. हे नीट ऐक. ऑफशोअर वाऱ्यात किनाऱ्याजवळचं पाणी नेहमी शांत दिसतं, कारण तिथं वाऱ्याला जमिनीचा आडोसा असतो. शंभर-दोनशे मीटर आत गेलीस की खरा वारा लागतो, आणि तो तुला परत येऊ देत नाही. बाबाला जो वारा देवासारखा तो तुला नको, एवढं सोपं करून ठेव. काही मोडलं, सेल फाटली, हात गळून गेले तर बोर्ड सोडायचा नाही, कधीच नाही, सेल सोडून दिली तरी चालेल. बोर्डावर बसून दोन्ही हात बाजूला पसरून हळूहळू वर-खाली करायचे, ती मदतीची खूण आहे. तिथं लाइफगार्ड नाहीत. ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचा. फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये अंगावर ठेव, गाडीत नको, गाडीतल्या फोनचा समुद्रात काय उपयोग. आणि दोघींपैकी एक आत तर दुसरी बाहेर, निदान मैत्रीण शिकतेय तोपर्यंत.

तू जातेयस त्या सुमाराला तिथं टायरी वेव्ह क्लासिक असते, विंडसर्फिंगची स्पर्धा, १९८६ पासून चाललेली. एरवी बॅलेव्हुलिनला चार माणसं दिसली तर आज काय जत्रा आहे असं म्हणायचो आम्ही, त्या आठवड्यात मात्र व्हॅनच व्हॅन. स्पर्धेतसुद्धा तेच, सकाळी सगळे जमणार, आज कुठल्या बीचवर घ्यायची ते वारा आणि लाटा बघून ठरणार, आणि मग बेटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सगळी वरात. लाटेवर येऊन, हवेत उलटी कोलांटी मारून परत बोर्डावर उतरणारी पोरं मी तिथंच पहिल्यांदा इतक्या जवळून बघितली, बाबासुद्धा गप्प झाला होता. नक्की बघ.

रस्ते एका गाडीपुरते आहेत. समोरून कुणी आलं की पासिंग प्लेसमध्ये, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या रुंद जागेत, घ्यायचं, ती तुझ्या डाव्या हाताला असेल तर आत शिरायचं, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं, पलीकडे जायचं नाही. प्रत्येक जण हात करतो, तूही कर. किनाऱ्याला लागून जी गवताळ जमीन दिसते, माखर म्हणतात, शिंपल्यांच्या चुऱ्याच्या वाळूवर उगवलेली, जूनमध्ये नुसती फुलं असतात, ती मोकळी दिसली तरी मोकळी नाही, क्रॉफ्टवाल्यांची, म्हणजे तिथल्या छोट्या शेतकऱ्यांची, मेंढरं-गुरं तिथं चरतात. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं चालायला, पाण्यात उतरायला कुणाच्याही जमिनीतून जाता येतं, पण नीट वागलात तर. गाडी माखरवर घालायची नाही, चाकांच्या खुणा पडल्या की वारा तिथूनच वाळू उकरायला लागतो. व्हॅनमध्ये झोपणार असाल तर क्रॉफ्टवर ठरलेल्या जागा असतात, आधी बुक करा, रस्त्याच्या कडेला लावून झोपायचं नाही. अंधार लवकर पडतो तेव्हा, आम्ही बहुतेक जूनमध्ये जायचो, रात्री दहानंतरही उजेड, बाबा जेवणानंतर परत पाण्यात. जूनमध्ये एक मात्र त्रास, कॉर्नक्रेक. लपून बसणारा तपकिरी पक्षी, दिसत कधीच नाही, पण रात्रभर तंबूच्या मागच्या गवतात कर्र-कर्र, कर्र-कर्र. ब्रिटनमध्ये ते पक्षी फार थोडे उरलेत, टायरी त्यांचा मोठा आसरा आहे, हे मला माहीत होतं आणि तरी पहाटे तीन वाजता मला त्याचा गळा दाबावासा वाटायचा. ऑक्टोबरात तो आफ्रिकेला गेलेला असतो, झोप छान लागेल. बास्किंग शार्कही तेव्हा नसतील, उन्हाळ्यात कोल आणि टायरीच्या आसपास दिसतात, एकदा गॉट बेच्या बाहेर माझ्या बोर्डाजवळून काळा पंख संथपणे गेला, बोर्डाच्या दुप्पट तरी लांब असेल ते धूड. प्लँक्टन खातो तो, माणसाशी त्याला काही देणंघेणं नाही, मला हे पक्कं माहीत होतं, पण त्या दिवशीएवढा वेगात जाइब मी आयुष्यात केला नाही.

वारा अगदीच पडला, किंवा इतका सुटला की दोघींनाही काही करता येत नाही, तर हायनिशला जा. तिथं दगडी धक्का आणि बसकी घरं आहेत, ती सगळी एका दीपगृहासाठी बांधलेली, स्केरीव्होर, जे तिथून बारा मैलांवर समुद्रातल्या खडकांवर उभं आहे. अ‍ॅलन स्टीव्हन्सननं बांधलं, १८३८ ला काम सुरू झालं, १८४४ ला दिवा लागला, ४८ मीटर उंच. कामगारांसाठी खडकावर पहिल्याच वर्षी लाकडी खोली उभारली होती ती त्याच नोव्हेंबरात वादळानं साफ धुऊन नेली, नशिबानं आत कुणी नव्हतं, मग पुढच्या वर्षी परत बांधली. छोटं म्युझियम आहे, बघून ये. स्वच्छ हवेत हायनिशवरून दीपगृह बारीक काडी दिसतं, आणि तिथं उभं राहिल्यावर बाबा ज्याला ‘मस्त सेट आला’ म्हणायचा ते पाणी काय चीज आहे याचा अंदाज येतो. आणखी वेळ असला तर उत्तरेला बॅलेफेट्रिश आणि व्हॉलच्या मध्ये किनाऱ्यावर एक मोठा एकटा दगड आहे, छोट्या दगडानं ठोकला की धातूसारखा वाजतो. तो फुटला किंवा बेटावरून हलवला तर टायरी बुडेल म्हणतात. हळू ठोका.

बॅलेव्हुलिनला जा, जाऊ नकोस म्हणत नाहीये मी. आग्नेयेचा वारा, लाट कंबरेएवढी, भरती अर्धी चढलेली, असा दिवस मिळाला तर सर्फबोर्ड भाड्यानं घे आणि जा, तुझ्यात बाबाचंही काहीतरी उतरलंच आहे. पण वारा उठला की बाबाच्या नादानं तिथंच बसून राहू नकोस. पोचलीस की फोन कर, आणि ‘पोचलो, छान आहे’ एवढंच नको, वारा कुठून, किती नॉट, भरती किती वाजता, तेवढं बघूनच फोन कर म्हणजे काहीतरी बोलता येईल.

आई

ता. क. बाबानं वाचलं हे सगळं. म्हणतोय, ऑलिंपिकचं काढायची गरज नव्हती. आणि म्हणतोय, मेझला जो मधला खडकाचा भाग आहे तो ओहोटीला वर येतो, ते आईनं लिहिलंच नाही, तिचं लक्ष कायम वर सेलकडे. हे मात्र बरोबर आहे त्याचं. ओहोटीला मेझला मधून जाऊ नकोस, पहिल्यांदा वरून वाळूच्या ढिगाऱ्यावरून बघून घे खडक कुठं आहेत ते. आणि परत म्हणतोय, बॅलेव्हुलिन.